मोटारींचा जीर्णोद्धार

‘जीर्णोद्धार’ हा शब्द माळव्यातील मराठी माणसाला कुणी समजावून द्यावा लागत नाही. काशीपासून सोमनाथपर्यंत देवी अहिल्याबाईंनी केलेल्या जीर्णोद्धारांच्या कथा ऐकतच आपल्या पिढ्या वाढल्या. मात्र हाच शब्द मी आज मोटारींसाठी वापरीत आहे, हे पाहून काही वाचकांच्या कपाळाला आठी पडेल. देवालय कोठे आणि धूर ओकणारे यंत्र कोठे! तरीही जी वस्तू पूर्वजांच्या काळाची साक्ष आहे, जी मोडकळीस आली आहे आणि जिला पुन्हा उभे करताना ‘मूळचे किती ठेवावे, नवे किती घालावे’ हा प्रश्न पडतो, तिच्या दुरुस्तीला दुसरा योग्य शब्द मला सापडला नाही. वाचकांनी तो उदार मनाने चालवून घ्यावा.

जुन्या मोटारी शोधणे, त्या चालत्या करणे आणि त्यांतून फिरण्याचा आनंद घेणे हा छंद जगभर आहे. परंतु त्याला सर्वांत मोठे सार्वजनिक रूप आले ते अमेरिकेत. हा छंद तेथे का रुजला, आपल्या इंदूर-बडोद्याशी त्याचा काय संबंध आणि त्यातून आपल्यासारख्या जुन्या स्थायिक घराण्यांनी काही घेण्यासारखे आहे काय, असा या लेखाचा त्रिविध हेतू आहे. शेवटी माझ्या हातून घडलेल्या एका चुकीची कबुलीही द्यावयाची आहे. ती दिल्याशिवाय हा लेख लिहिण्याचा मला अधिकार पोहोचत नाही, असे वाटते.

प्रथम अमेरिकेकडे वळू. हेन्री फोर्ड यांची ‘मॉडेल टी’ मोटार १९०८ मध्ये बाजारात आली. पुढे १९१३ मध्ये त्यांच्या हायलंड पार्क येथील कारखान्यात सरकत्या पट्ट्यावर मोटारी जोडण्याची पद्धत सुरू झाली, आणि आरंभी आठशे-साडेआठशे डॉलरला मिळणारी मोटार १९२५ पर्यंत तीनशे डॉलरच्या आत आली. १९२७ मध्ये तिचे उत्पादन थांबले तेव्हा सुमारे दीड कोटी ‘मॉडेल टी’ रस्त्यांवर उतरल्या होत्या. शेतकरी, शिक्षक, कामगार असे सर्व थरांतील लोक मोटारीचे मालक झाले. आपल्याकडे ज्या काळी मोटार म्हणजे संस्थानिकांचा किंवा बड्या डॉक्टर-वकिलांचा थाट होता, त्या काळी तेथे ती घरच्या बैलगाडीसारखी झाली होती.

जी वस्तू एवढी घरोघरी जाते, तिची किंमत मात्र कुणाला राहत नाही. त्यात जनरल मोटर्सचे प्रमुख आल्फ्रेड स्लोन यांनी १९२० च्या दशकात दरवर्षी मोटारीचे रूप बदलण्याचे धोरण रूढ केले. यंदाची मोटार पुढच्या वर्षी जुनी दिसावी, ग्राहकाला नवीची ओढ लागावी, असा त्यामागचा व्यापारी विचार होता. परिणामी चांगल्या चालत्या मोटारीही मोडीत निघू लागल्या. ज्या देशाने वस्तू टाकून देण्याची सवय जगाला लावली, त्याच देशात टाकलेली वस्तू उचलून जपण्याचा छंद उदयास आला, ही गोष्ट वरवर विचित्र वाटली तरी स्वाभाविकच आहे. घर सोडून दूर गेलेल्यालाच घराची किंमत अधिक कळते, हे आपल्यासारख्यांना वेगळे सांगावयास नको.

१९३५ मध्ये फिलाडेल्फिया येथे जुन्या मोटारींच्या हौशी मंडळींनी ‘अँटिक ऑटोमोबाइल क्लब ऑफ अमेरिका’ ही संस्था स्थापन केली. दोनच वर्षांनी, १९३७ मध्ये, लॉस एंजेलिस येथे ‘हॉर्सलेस कॅरेज क्लब’ निघाला. ‘बिनघोड्यांची गाडी’ हे मोटारीचे अगदी पहिले नाव त्यांनी मुद्दाम जपले. तेवढ्यात महायुद्ध आले. फेब्रुवारी १९४२ मध्ये अमेरिकेत खासगी मोटारींचे उत्पादनच बंद झाले आणि लढाईच्या कामासाठी भंगार लोखंड गोळा करण्याच्या मोहिमा निघाल्या. परसात, गोठ्यात, गंजीमागे उभ्या असलेल्या असंख्य जुन्या मोटारी देशभक्तीच्या भावनेने भट्टीत गेल्या. त्यातून ज्या उरल्या, त्या लोकांच्या विस्मरणामुळे उरल्या असेच म्हणावे लागेल.

युद्धानंतर हा छंद झपाट्याने वाढला. कॅलिफोर्नियातील पेबल बीच येथे १९५० पासून सुंदर मोटारींचे प्रदर्शन भरू लागले. १९५२ मध्ये ‘क्लासिक कार क्लब ऑफ अमेरिका’ स्थापन झाला. पेनसिल्व्हेनिया राज्यात हर्शी नावाचे, चॉकलेटसाठी प्रसिद्ध असलेले गाव आहे. तेथे दर ऑक्टोबरात जुन्या सुट्या भागांचा प्रचंड बाजार भरतो. कुणी गंजलेला कार्ब्युरेटर घेऊन बसतो, कुणी फुटक्या काचेचे दिवे मांडतो, आणि कुणी केवळ एका दाराच्या मुठीसाठी शेकडो मैलांवरून येतो. आपल्याकडील जत्रेत भांडी-कुंडी, घुंगरू-घंटा धुंडाळणाऱ्या माणसाला तेथे परके वाटणार नाही.

याच सुमारास तरुणांचा एक वेगळा पंथही निघाला. जुन्या फोर्ड मोटारी स्वस्तात घ्यायच्या, त्यांचे पंख-छप्पर काढून वजन हलके करायचे, इंजिनाची शक्ती वाढवायची आणि कॅलिफोर्नियातील कोरड्या तळ्यांच्या सपाटीवर शर्यती लावायच्या, असा त्यांचा खेळ होता. अशा मोटारींना ‘हॉट रॉड’ म्हणतात. १९३२ मध्ये फोर्डने सामान्यांच्या मोटारीत आठ सिलिंडरचे ‘व्ही-एट’ इंजिन बसविले. ती मोटार या पंथाचे आराध्य दैवत ठरली. एक पंथ जुन्याला तसेच राखू पाहणारा, दुसरा जुन्यातून नवे घडवू पाहणारा! या दोन पंथांचा वाद आजही मिटलेला नाही, आणि पुढे आपल्याला त्याच वादाकडे यावयाचे आहे.

आता इंदूरकडे येऊ. अमेरिकन मोटारींच्या इतिहासात ‘ड्यूसेनबर्ग’ या नावाला जो मान आहे तो क्वचितच दुसऱ्या नावाला असेल. फ्रेड आणि ऑगस्ट हे ड्यूसेनबर्ग बंधू जर्मनीत जन्मलेले आणि लहानपणी आयोवा राज्यात स्थायिक झालेल्या कुटुंबातील. परमुलखात जाऊन हाताच्या कसबावर नाव कमावणारी ही माणसे आपल्याला जवळची वाटावीत. १९२१ मध्ये त्यांच्या मोटारीने फ्रान्समधील ग्रां प्री शर्यत जिंकली. १९२४, १९२५ आणि १९२७ मध्ये इंडियानापोलिस येथील पाचशे मैलांची शर्यतही जिंकली. व्यवहारात मात्र हे बंधू कच्चे होते. १९२६ मध्ये ई. एल. कॉर्ड या उद्योजकाने त्यांची कंपनी विकत घेतली आणि ‘जगात सर्वांत उत्तम मोटार करा’ असे काम फ्रेड यांच्यावर सोपविले.

त्यातून १ डिसेंबर १९२८ रोजी न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात ‘मॉडेल जे’ लोकांसमोर आली. एका ओळीत आठ सिलिंडर, बत्तीस झडपा, सुमारे सहा लिटर नऊशे घन सेंटिमीटरचे इंजिन आणि कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे २६५ अश्वशक्ती. नुसत्या सांगाड्याची किंमत ८,५०० डॉलर; वरचा साज ग्राहकाने आपल्या पसंतीच्या कारागिराकडून चढवून घ्यायचा. १९३२ मध्ये हवा दाबून इंजिनात सोडणारे यंत्र जोडलेली ‘एसजे’ निघाली. तिची शक्ती ३२० अश्वशक्ती सांगितली गेली. त्याच वर्षी जुलैमध्ये फ्रेड ड्यूसेनबर्ग मोटार अपघातातील जखमांनी निवर्तले. मंदीच्या काळात एवढ्या महाग मोटारींना गिऱ्हाईक किती मिळणार? १९३७ मध्ये कंपनी बंद पडली. तोवर ‘जे’ जातीच्या सुमारे ४८० मोटारीच तयार झाल्या होत्या.

त्यांतील एक मोटार महाराजा यशवंतराव होळकर (दुसरे) यांच्यासाठी होती. सांगाडा अमेरिकेतून लंडनला गेला आणि तेथील गर्नी नटिंग या नामांकित कारखान्याने १९३५-३६ च्या सुमारास त्यावर दोन आसनांचा, लांबलचक नाकाचा, नारिंगी आणि काळ्या रंगाचा साज चढविला. यशवंतराव महाराजांची अभिरुचीच तशी होती. ऑक्सफर्डला शिकून आलेल्या या तरुण राजाने जर्मन वास्तुविशारद एकार्ट मुथेसियस यांच्याकडून १९३० नंतरच्या दोन-तीन वर्षांत माणिकबाग हा राजवाडा नव्या युरोपीय धर्तीवर बांधून घेतला आणि ब्रांकुशी या शिल्पकाराची शिल्पे विकत घेतली. मोटार ही त्यांच्या दृष्टीने याच कलासंग्रहाचा भाग असावी.

पुढे काळ पालटला. २८ मे १९४८ रोजी मध्यभारत राज्य अस्तित्वात आले, होळकर संस्थान त्यात विलीन झाले. १९५६ मध्ये मध्यभारतही मध्यप्रदेशात मिळाला. महाराज १९६१ मध्ये निवर्तले. माणिकबागेतील देखण्या सामानाचा १९८० मध्ये मोंटे कार्लो येथे लिलाव झाला आणि त्या वास्तूत केंद्र सरकारच्या महसुली खात्याचे कार्यालय आले. महाराजांची ड्यूसेनबर्ग अमेरिकेत परत गेली आणि तेथील हौशी मंडळींनी ती जपली. अमेरिकन मोटारींवरील चित्रग्रंथांत तिचा उल्लेख ‘महाराजांची मोटार’ असा अभिमानाने होतो. ड्यूसेनबर्गची किंमत आज काय आहे हे सांगितले म्हणजे बोध होईल: १९३५ सालची, नट गॅरी कूपर यांची एक ड्यूसेनबर्ग ऑगस्ट २०१८ मध्ये पेबल बीच येथील लिलावात २ कोटी २० लाख डॉलरला विकली गेली.

अशा कित्येक मोटारी संस्थानांच्या विलीनीकरणानंतर मातीमोल भावाने विकल्या जाऊन परदेशी गेल्या. पुढे सरकारने १ जानेवारी १९५० पूर्वी बनलेल्या मोटारींच्या निर्यातीवर निर्बंध घातले, म्हणून उरलेल्या काही वाचल्या. तरीही महाराजांच्या मोटारींची चर्चा खूप होते आणि सामान्यांच्या मोटारी विस्मरणात जातात. खरे पाहता अमेरिकन मोटार आपल्याकडे आली ती मध्यमवर्गाची, डॉक्टरांची, भाड्याने गाड्या चालविणाऱ्यांची म्हणून. फोर्डने १९२६ मध्ये मुंबईत बस्तान बसविले. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये शिवडी येथे जोडणीचा कारखाना काढला. पेट्यांतून आलेले भाग येथे जोडून शेव्हर्ले मोटारी आणि ट्रक तयार होऊ लागले. इंग्रजी मोटारींपेक्षा त्या जमिनीपासून उंच, इंजिनाने दांडग्या आणि किमतीने स्वस्त, म्हणून माळव्याच्या काळ्या मातीच्या रस्त्यांना मानवल्या. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली आणि १९४७ पासून कुर्ल्यात क्रायस्लर कंपनीच्या सहकार्याने डॉज, डिसोटो, प्लिमथ जोडल्या जाऊ लागल्या. नंतर १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनच्या शिफारशीवरून असे ठरले की, ज्यांचा सुटे भाग येथेच बनविण्याचा कार्यक्रम असेल त्यांनाच धंदा करू द्यावा. त्याबरोबर जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी आपले मुंबईतील कारखाने बंद केले.

या निर्णयाने देशी उद्योगाला आधार मिळाला. परंतु रस्त्यावरच्या हजारो अमेरिकन मोटारी एकाएकी पोरक्या झाल्या. सुटे भाग मिळेनात. मग आपल्या मिस्त्री लोकांनी जी करामत केली ती कुठल्याही ग्रंथात नोंदली गेलेली नाही. एका गाडीचा दांडा दुसरीला, ट्रकचे पिस्टन कातून मोटारीला, रबराऐवजी चामडे, तांब्याऐवजी पत्रा! पेट्रोल परवडेना म्हणून कित्येकांनी मूळ इंजिन काढून डिझेल इंजिन बसविले. या जुळवाजुळवीवरच त्या मोटारी पुढची वीस-पंचवीस वर्षे धावल्या.

बडोद्याला माझे एक स्नेही राहतात. आम्ही महाविद्यालयात एका बाकावर होतो. ते अभियंता झाले, मी सरकारी नोकरीत आलो. निवृत्तीनंतर त्यांनी १९३१ सालची एक शेव्हर्ले मिळविली. गेली चार वर्षे हिवाळ्यात दोन-तीन आठवडे मी त्यांच्याकडे जातो आणि मदतनीस म्हणून, खरे म्हणजे पाने-पकडी हातात देणारा पोऱ्या म्हणून, काम करतो. वहिनी आम्हा दोघांना ‘म्हातारचळ लागलेले’ म्हणतात आणि वेळेवर चहा पाठवितात.

या मोटारीचे इंजिन सहा सिलिंडरचे, सुमारे ३.२ लिटरचे आणि पन्नास अश्वशक्तीचे. तीन गिअर, तेही आजच्यासारखे आपोआप जुळणारे नव्हेत; क्लच दोनदा दाबून, कान इंजिनाकडे ठेवून ते बदलावे लागतात. ब्रेक सळ्यांनी ओढले जाणारे, वीज सहा व्होल्टची. आम्ही प्रथम कशालाही हात न लावता शंभरावर छायाचित्रे घेतली. प्रत्येक भाग काढला की त्याला चिठ्ठी, आणि चिठ्ठीचा क्रमांक वहीत. हे वहीचे काम माझे. फायलींवर पृष्ठक्रमांक घालण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला याहून योग्य काम कोणते?

इंजिन जाम झाले होते. अशा वेळी जोर लावणे म्हणजे घात. ठिणगीचे प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये रॉकेल आणि पातळ तेल यांचे मिश्रण ओतले आणि वाट पाहत बसलो. अठराव्या दिवशी हातदांड्याने ते केसभर हलले. त्या दिवशी आम्ही दोघांनी श्रीखंड खाल्ले, डॉक्टरांची मनाई असताना. पुढे इंजिन उघडल्यावर कळले की, दांड्यांच्या बेअरिंगांचे ‘बॅबिट’ म्हणजे कथिलमिश्रित मऊ धातू झिजून गेला आहे. हा धातू वितळवून जागच्या जागी ओतावा लागतो आणि मग कातून मापात आणावा लागतो. हे काम जाणणारे लोक आता फार थोडे. शोधता शोधता एक सत्तरीचे कारागीर मिळाले. त्यांनी सांगितले की, त्यांची दोन्ही मुले दुसऱ्या धंद्यात आहेत. त्यांचे काम सुरू असताना स्नेह्यांच्या नातवाने ते सर्व मोबाइलवर टिपून घेतले. आमच्या चार वर्षांतील सर्वांत मोलाची कमाई कदाचित तीच असेल.

पेट्रोलमध्ये आता इथेनॉल मिसळलेले असते. जुन्या रबराला ते सोसत नाही, म्हणून पेट्रोल पंपाचा पडदा नव्या जातीच्या रबराचा घालावा लागला. जुन्या मापाचे टायर आजही अमेरिकेत तयार होतात. ते मागवावे लागले आणि त्यावरील जकात भरताना स्नेह्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

खरा प्रश्न आला तो लाकडाचा. त्या काळच्या शेव्हर्लेच्या साजाचा सांगाडा लाकडाचा असे आणि त्यावर पत्रा ठोकलेला असे. आमच्या मोटारीची डावी बाजू वाळवीने खाल्लेली होती. उजव्या बाजूला पाहतो तो मूळचे विलायती लाकूड नव्हतेच. कुणा सुताराने कधीकाळी सागाचे तुकडे अशा सफाईने सांधून बसविले होते की, बोट फिरविले तरी जोड लागू नये. आता काय करावे? सगळे काढून अमेरिकन नकाशाप्रमाणे नवे लाकूड घालावे, की त्या अनाम सुताराचे काम राहू द्यावे? स्नेही म्हणाले, ‘मूळ म्हणजे कारखान्यातून निघाली तशी.’ मी म्हटले, ‘अरे, ती गाडी कारखान्यात एक दिवस होती आणि आपल्या मुलखात नव्वद वर्षे!’ दोन दिवस आमचे यावर बोलणे बंद होते.

हाच वाद अमेरिकेत फार मोठ्या प्रमाणावर झालेला आहे. तेथील प्रदर्शनांत गुण देण्याची पद्धत आहे. खिळ्याचे डोके चुकीचे असले तरी गुण कापतात. त्यामुळे झाले असे की, मोटारी कारखान्यातून निघाल्या तेव्हा होत्या त्याहूनही चकचकीत होऊ लागल्या. ज्या जागी मूळ कारागिराने घाईघाईने हात फिरविला होता, तेथे आरशासारखा रंग आला. मोटार सुंदर झाली, पण तिच्यावरून काळ पुसला गेला. मग जाणत्या मंडळींनी आवाज उठविला की, वस्तूचे अस्सलपण एकदाच मिळते. ते घासून काढले की कितीही पैसे ओतले तरी परत येत नाही. पेबल बीचच्या प्रदर्शनातही २००१ पासून, हात न लावता जपलेल्या मोटारींसाठी स्वतंत्र वर्ग करण्यात आला. फिका पडलेला रंग, भेगाळलेले चामडे, मालकाच्या कोपराने झिजलेली दाराची कड यांनाही मान मिळू लागला.

आपल्याकडेही आता या विषयाला कायद्याचे अधिष्ठान मिळाले आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे झालेल्या, खासगी वापराच्या दुचाकी व चारचाकी वाहनांना ‘विंटेज’ वाहन म्हणून नोंदविण्याची सोय केली. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षांची, क्रमांकाच्या पाटीवर ‘व्हीए’ ही अक्षरे. अट अशी की, सांगाडा, साज आणि इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा. आणि अशी मोटार रोजच्या वापरासाठी नव्हे, तर प्रदर्शन, फेरी, संशोधन, इंधन भरणे किंवा दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर आणावी. जानेवारी २०२३ मध्ये बडोद्याच्या लक्ष्मीविलास राजवाड्यात जुन्या मोटारींचे जे भव्य प्रदर्शन झाले, ते पाहावयास लोटलेली गर्दी पाहता लोकांना या वारशाची ओढ आहे यात शंका नाही. नियमाचा हेतू उत्तमच आहे. परंतु ज्या मोटारींत मिस्त्रींनी गरजेपोटी डिझेल इंजिने घातली, त्यांचे काय? त्यांचा इतिहास तो फेरबदलच आहे. नियमाच्या तराजूत तो दोष ठरतो. मी आयुष्यभर नियम राबविले. त्यामुळे नियमाला सर्व काही दिसत नाही, हे मला ठाऊक आहे.

आता ती कबुली. १९८९ सालच्या उन्हाळ्यात मी एका जिल्हा कार्यालयात नुकताच बदलून आलो होतो. वय तीस, अंगात कामाची धडाडी. कार्यालयामागे चिंचेखाली चार-पाच नादुरुस्त जिपा आणि त्यांच्या आड एक जुनी उघड्या छपराची शेव्हर्ले होती. विलीनीकरणाच्या वेळी संस्थानाच्या मोटारखान्यातून ती आली असे जुने लोक सांगत. अनुपयोगी वस्तू खातेबाद करण्याला आमच्या हिंदी फायलींत ‘अपलेखन’ म्हणत. मी समिती बसविली, प्रपत्रे भरली, लिलाव पुकारला. सर्व काही नियमानुसार.

लिलावाच्या आदल्या दिवशी कार्यालयाचे निवृत्त वाहनचालक, सगळे त्यांना चाचा म्हणत, माझ्याकडे आले आणि हात जोडून म्हणाले, “साहब, इसका इंजन अभी अच्छा है। किसी जाननेवाले को दे दीजिए।” मी त्यांना नियम सांगितला: जास्तीत जास्त बोली देईल त्याला. चाचांनी मग एक जाड बांधणीची वही माझ्या टेबलावर ठेवली. ती गाडीची रोजनामा-वही होती. कोठे गेली, किती मैल झाले, कोण बसले होते, तेल किती पडले. पहिली पंधरा-वीस पाने मोडी अक्षरांत होती. मला मोडी वाचता येत नव्हते. घरी आजोबा होते, वय पंच्याऐंशी, होळकर दरबारात कारकुनी केलेले; मोडी त्यांच्या हाताखालची. ती वही एका संध्याकाळी घरी न्यावी, त्यांच्यापुढे ठेवावी, एवढे साधे माझ्या मनात आले नाही. मुदत उलटलेले अभिलेख नष्ट करण्याच्या यादीत मी ती घातली. गाडी एका भंगारवाल्याने वजनावर घेतली. पावती फायलीला लावली आणि मी सही केली.

आजोबा पुढे तीन वर्षांनी गेले. त्या मोटारीतून कोण बसून गेले, दुष्काळाची पाहणी झाली की शिकार, कुणा बाळंतिणीला रात्री इस्पितळात नेले की काय, हे सांगू शकणारी वही आणि ती वाचू शकणारा माणूस, दोन्ही एकाच वेळी माझ्या हाताशी होती. गाडी गेल्याचे दुःख मला आज तेवढे होत नाही. गाड्या आणखी आहेत. वहीची गोष्ट मात्र वेगळी.

म्हणून आपल्या वाचकांना, विशेषतः इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद, बेळगाव येथील जुन्या वाड्यांच्या धन्यांना, माझी विनंती आहे. जुनी मोटार घेऊन ती दुरुस्त करणे सर्वांना परवडणारे नाही; जागा, पैसा आणि उरलेले आयुष्य तिन्ही लागतात. परंतु तुमच्या कुणाच्या घरी आजोबांच्या मोटारीचे छायाचित्र असेल, लायसन्सचे पुस्तक असेल, पेट्रोलच्या पावत्या असतील, मोडीतला एखादा हिशेब असेल, तर तो रद्दीत घालण्यापूर्वी कुणाला तरी दाखवा. घरात कुणी वृद्ध असेल तर त्यांना आजच विचारा आणि लिहून ठेवा. आपल्या सभेच्या ग्रंथालयात अशा कागदांसाठी एक कपाट राखून ठेवावे, अशी सूचना मी कार्यकारिणीकडे लेखी दिली आहे; आणि सत्तरीच्या उंबरठ्यावर मोडी शिकण्याच्या वर्गात नावही घातले आहे.

राहता राहिली बडोद्याची शेव्हर्ले. शेवटी आम्ही डावी बाजू नव्या सागात केली आणि उजव्या बाजूचे त्या जुन्या सुताराचे काम तसेच ठेवले. कोणता भाग केव्हाचा, हे माझ्या वहीत नोंदले आहे. वहीची एक प्रत मोटारीच्या आसनाखाली ठेवली आहे. गेल्या मकरसंक्रांतीला ती प्रथमच आपल्या शक्तीने फाटकाबाहेर निघाली. ताशी वीस मैलांच्या वर स्नेह्यांनी तिला जाऊ दिले नाही. मागच्या आसनावर वहिनी तिळगुळाचा डबा घेऊन बसल्या होत्या. परत आल्यावर मी आसनाखालची वही काढली आणि पहिली नोंद केली: दिनांक, मैल, बसलेल्यांची नावे, तेल.